कूच आणि मुक्काम: तंजावरचं माझं वर्ष

तंजावरहून बोलतोय. पोंगल होऊन दहा-बारा दिवस झालेत. सांबा भाताची कापणी सुरू आहे, रस्त्याच्या एका बाजूला भात वाळत पडलंय आणि गाड्या दुसऱ्या बाजूने जाताहेत. हवा अशी आहे की पहाटे सायकल काढताना अंगात पातळ स्वेटर घालावासा वाटतो. तुम्ही सातारा-नाशिककडचे लोक हसाल, पण आमच्याकडे यालाच थंडी म्हणतात.

जे नेहमी ऐकतात त्यांना माहीत आहे, पण नवीन मंडळींसाठी दोन ओळी. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. इन्फंट्रीत तीस वर्षांच्या वर नोकरी केली, आता वय ६४. सौभाग्यवती तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. व्यंकोजीराजांच्या मागून जी माणसं इकडे आली, त्यांतल्या एका कुटुंबाची ही कितवीतरी पिढी. निवृत्तीनंतर सासूबाईंकडे बघायला कुणीतरी हवं होतं, म्हणून इथे आलो आणि इथलेच झालो. दरवर्षी पोंगल झाला की मी वर्षाचा हिशेब तुमच्यापुढे मांडतो. किती चाललो, सायकल कुठवर नेली, कोणते पक्षी दिसले, गुडघे काय म्हणतात, वगैरे.

या वेळी हिशेबाची सुरुवात एका चुकीपासून करावी लागणार आहे. चूक माझी होती आणि ती सांगायला मला आठ महिने लागले. गेल्या जूनमध्ये मी नेहमीचं छोटं बोलणंही टाळलं होतं. काहींनी विचारलंही, तब्येत बरी आहे ना? तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. आज सरळ सांगतो.

२०२४ चा एप्रिल आम्ही मुलीकडे बंगळुरूला काढला. तिथे मी रोज सायकल चालवत होतो, फॉर्म उत्तम होता. मेच्या पहिल्या आठवड्यात तंजावरला परत आलो. तमिळनाडूत ४ मेच्या आसपास अग्नी नक्षत्र सुरू होतं, २८ पर्यंत चालतं. लोक त्याला कत्तिरी म्हणतात. वर्षातलं सगळ्यात कडक ऊन. सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत. त्यांनी आल्या आल्या बजावलं, "कत्तिरीत कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही." मी हसलो. राजस्थानच्या वाळूत एक्सरसाइज केलेल्या माणसाला ऊन काय शिकवता, असा तो आविर्भाव.

माझ्या डोक्यात मनोरा होता. मनोरा म्हणजे मल्लिपट्टिनमजवळ समुद्रकाठी दुसऱ्या सरफोजीराजांनी बांधलेला आठ मजली बुरूज. नेपोलियनचा पाडाव झाल्याच्या आनंदात, इंग्रजांचा मित्र म्हणून राजांनी १८१४-१५ च्या सुमारास तो उभा केला. तंजावरहून साधारण ६५ किलोमीटर. वाटेत ओरत्तनाडू आणि पट्टुक्कोट्टै ही दोन मोठी गावं. बंगळुरूला मी ६० किलोमीटर सहज करत होतो. तेव्हा एका दिवसात मनोरा गाठायचा, असं ठरवलं. बंगळुरूहून येऊन तीनच दिवस झाले होते.

निघायलाही सात वाजले. ओरत्तनाडू २४ किलोमीटर. तिथवर ठीक होतो, फक्त घाम वाळत नव्हता. किनाऱ्याकडच्या दमट हवेत घाम अंगावरून नुसता ओघळतो. आता ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम उडून जाण्याने होतं. राजस्थानात हवा कोरडी, घाम आला की उडाला. इथे पाणी आणि मीठ जातं, गारवा मात्र मिळत नाही. ओरत्तनाडूला थांबून सावलीत बसायला हवं होतं. पण घड्याळाकडे बघितलं, वेळ मागे पडत होता. निघालो.

पुढे पाच-सहा किलोमीटरवर अंगावर काटा आला. भर उन्हात चक्क थंडी वाजली. हँडल सरळ राहीना. रस्त्याकडेला एक चहाची टपरी होती, ताडाच्या झापांचं छप्पर. तिथवर पोहोचलो, सायकल टेकवायला गेलो आणि पुढचं मला अर्धवटच आठवतं. टपरी चालवणाऱ्या बाईंनी मला सावलीत ओढलं, डोक्यावर-छातीवर घागरभर पाणी ओतलं, ओला टॉवेल गुंडाळला आणि पुठ्ठ्याने वारा घातला. शुद्धीत आल्यावर मीठ घातलेलं पातळ ताक घोट घोट पाजलं. इकडे त्याला नीर मोर म्हणतात. मग कुणीतरी १०८ ला फोन केला. दवाखान्यात दोन सलाइन लागल्या. संध्याकाळी घरी सोडलं.

सौ. दवाखान्यात एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर, रात्री जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्या कंपनीतल्या एखाद्या जवानाने हे केलं असतं, तर तुम्ही त्याचं काय केलं असतं?"

मंडळी, मला उत्तर देता आलं नाही. कारण उत्तर मला पक्कं ठाऊक होतं.

लडाखमध्ये आपल्या फौजेचा एक नियम आहे, ॲक्लिमटायझेशनचा. ९ हजार फुटांच्या वर गेलात की पहिला टप्पा सहा दिवसांचा. त्यातले पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, मग हळूहळू चालणं, मग थोडी चढण. १२ हजार फुटांच्या वर जायचं तर आणखी चार दिवस. १५ हजारांच्या वर जायचं तर पुन्हा चार दिवस. मग तो जवान ऑलिंपिकमध्ये धावलेला असो. सुट्टीवरून परत आला तरी नियम लागू. मी कंपनी कमांडर असताना हा नियम शेकडो जवानांना सक्तीने पाळायला लावलाय. "साहेब, मी फिट आहे" म्हणणाऱ्या पोरांना झापलंय. फिट असणं वेगळं आणि त्या हवेला सरावलेलं असणं वेगळं, हे वाक्य माझं ठरलेलं होतं.

आणि तोच मी, साठी उलटल्यावर, गार बंगळुरूहून येऊन तिसऱ्या दिवशी कत्तिरीत निघालो. उंचीला टप्पे लागतात हे मला माहीत होतं. उन्हालाही टप्पे लागतात, हे मी कधी मनावर घेतलंच नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं ते थोडक्यात सांगतो. शरीराला नव्या उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. पण ही सवय टिकाऊ नसते. दोन-चार आठवडे गार जागी राहिलात की उतरते. दुसरं म्हणजे साठीनंतर तहान उशिरा लागते. शरीराला पाणी हवं असतं, पण निरोप वेळेवर येत नाही. तिसरं म्हणजे रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. माझ्या गोळीत तसं औषध होतं. मी ते डॉक्टरांना कधी विचारलं नव्हतं आणि मी उन्हात सायकल चालवतो हेही त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारा. गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

तर त्या दिवसापासून वर्षाची आखणी बदलली. आता महिन्यामहिन्याने सांगतो.

मेचा उरलेला महिना मी रंगरूट झालो. पहिले चार दिवस फक्त वीस मिनिटं चालणं, तेही सूर्य वर यायच्या आत. मग दर दोन-तीन दिवसांनी पाच-पाच मिनिटं वाढवायची. फिरायला निघायच्या आधी आणि आल्यावर वजन करायचं. एक किलो कमी भरलं तर तेवढं, म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं असं समजायचं आणि ते थोडं थोडं भरून काढायचं. घरात साखर-मिठाचं पाणी तयार ठेवतो. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अंदाजपंचे करू नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. बाकी कत्तिरीत गावच तुम्हाला सांभाळतं. ताडगोळे असतात, नाक्यानाक्यावर ताक असतं. सकाळी सासूबाई रात्रभर पाण्यात ठेवलेला भात ताक घालून देतात. पूर्वी मी त्याला शिळं म्हणून नाक मुरडायचो. आता वाटी पुढे करतो.

संध्याकाळी बृहदीश्वराच्या आवारात फेऱ्या. राजराज चोळांनी १०१० च्या सुमारास पुरं केलेलं हे देऊळ. आवाराची लांबी साधारण २४० मीटर आणि रुंदी १२०, म्हणजे एक फेरी सातशे मीटरच्या आसपास. अनवाणी चालायचं. मेमध्ये संध्याकाळी सहालाही फरशी पोळते, तेव्हा ओवऱ्यांच्या सावलीतून जावं लागतं. मी याला व्यायाम म्हणतो, सौ. प्रदक्षिणा म्हणतात. आकडा दोघांचा सारखाच येतो.

जून-जुलै. इथला खरा ऋतू पाण्याचा. मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडायचा रिवाजाचा दिवस १२ जून. त्यानंतर काही दिवसांत आमच्या गावातून जाणारा कालवा भरतो. कागदावर तो ग्रँड अनिकट कालवा. मेट्टूर धरणाच्या योजनेतच, १९३४ च्या सुमारास झालेला. लोक मात्र अजून त्याला पुदु आरू, म्हणजे नवी नदी म्हणतात. त्याच्या काठाने माझी रोजची वाट आहे. २०२४ साली धरणात पाणीच नव्हतं. १२ जून कोरडा गेला आणि दरवाजे उघडले २८ जुलैला. दीड महिना मी कोरड्या पात्राच्या काठाने चाललो. माझी चाल तेव्हा अर्ध्या तासाची होती. शेतकरी बांधावर बसून वाट बघत असायचे. एकजण रोज भेटायचा. त्याने कुरुवै, म्हणजे जूनमध्ये लावायचं भात, सोडूनच दिलं होतं. तो म्हणाला, पाण्याआधी पेरून काय करू, बी मरेल. सांब्याची वाट बघतो. त्याचं सगळं वर्ष त्या थांबण्यावर होतं आणि त्याच्या बोलण्यात कुरकुर नव्हती. मी मात्र डॉक्टरांनी दोन महिने लांबची सायकल बंद ठेवायला सांगितली म्हणून घरात भांडी आपटत होतो.

ऑगस्टमध्ये पाणी आलं. काठावर मुलांच्या उड्या, म्हशी, धुणी. मी सायकल परत काढली, पहिल्या आठवड्यात फक्त आठ किलोमीटर. घरातला व्यायामही सुरू केला. त्याला सामान काही लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं. भिंतीला धरून टाचा उचलणं. दात घासताना एका पायावर उभं राहणं, अर्धा मिनिट डावा, अर्धा मिनिट उजवा. हसू नका, साठीनंतर माणूस धावताना कमी आणि न्हाणीघरात जास्त पडतो. दम किती लागू द्यायचा याचं माझं माप सोपं आहे. चालताना शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये.

ऑक्टोबर ते डिसेंबर आमचा पावसाळा. तुमचा संपतो तेव्हा आमचा सुरू होतो. यंदा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खोऱ्यात तुफान पाऊस पडला. शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली. तेच फेंगल वादळ पुढे ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं. माझा तो कालव्यावरचा दोस्त गुडघाभर पाण्यात उभा राहून बांध फोडून पाणी काढत होता. पिकाचा काही भाग वाचला.

पावसात बाहेरचा छंद बंद, म्हणून आतला छंद. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आहेत, मोडीतली कागदपत्रं आहेत. मी यंदा मोडी शिकायला घेतली. नकाशा वाचणाऱ्या माणसाला वाटलं होतं, महिन्यात जमेल. नाही जमलं. अक्षर एकमेकांना चिकटलेलं, लेखणी उचलायचीच नाही असा पण केल्यासारखं. रोज चार ओळी लागतात, त्यातली एक चुकते. देवळाच्या भिंतीवर मात्र भोसले घराण्याचा इतिहास १८०३ साली कोरलाय, तो देवनागरीत आहे. तो वाचताना मला बरं वाटतं, कारण तिथे मी पास होतो.

डिसेंबर अखेरीस पाऊस ओसरला आणि पक्षी आले. भाच्याबरोबर करैवेट्टीला गेलो. अरियलूर जिल्ह्यातलं हे तळं २०२४ च्या जानेवारीत रामसर यादीत गेलं. पाणबगळे, करकोचे, बदकं भरपूर. पण मी बघायला गेलो होतो पट्टकादंब. पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. कॅप्टन असताना हा पक्षी मी लडाखला त्सो मोरीरीच्या काठावर पिलांसह पाहिला होता. तो लडाख, तिबेट, मंगोलियाकडे वीण करतो आणि हिवाळ्यात खाली येतो, अगदी आमच्या कावेरीच्या खोऱ्यापर्यंत. आम्हाला अकरा दिसले. दुर्बीण डोळ्याला लावून बराच वेळ बसलो. एकाच नोकरीत दोन टोकांना पोस्टिंग झालेला जुना ओळखीचा माणूस भेटावा, तसं वाटलं.

या पक्ष्याबद्दल एक गोष्ट वाचली होती, ती तिथे आठवली. आपण समजतो की तो हिमालयावरून एकदम उंच झेप घेऊन पार होतो. शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांच्या अंगात छोटी उपकरणं बसवून मोजलं तेव्हा उलटंच दिसलं. तो डोंगराला धरून उडतो. डोंगर चढला की चढतो, दरी आली की खाली उतरतो, पुन्हा चढतो. मिळवलेली उंची सोडून देतो, कारण विरळ हवेत वर टिकून राहण्यापेक्षा खाली येऊन परत चढणं त्याला स्वस्त पडतं. शिवाय वाटेत पाणी दिसेल तिथे मुक्काम करतो. तळ्यावर उतरलेले ते अकरा पक्षी काही न करता नुसते बसले होते. भाचा म्हणाला, "मामा, हे उडतच नाहीत." मी म्हटलं, बसू दे त्यांना, ड्यूटीवर आहेत.

आणि मग जानेवारी. पोंगल झाल्यावर, १८ आणि १९ तारखेला, मी मनोऱ्याला निघालो. या वेळी दोन दिवसांत, भाचा बरोबर आणि सौ.ची लेखी नाही तरी तोंडी परवानगी. पहिल्या दिवशी फक्त ओरत्तनाडू. दहाच्या आत पोहोचलो आणि उरलेला दिवस मोकळा.

ओरत्तनाडूला सरफोजीराजांनी बांधलेलं मुक्तांबाळ छत्र आहे. त्यांच्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाने, सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं. छत्र म्हणजे धर्मशाळा, पण नुसतं छप्पर नव्हे. तंजावरच्या मराठे राजांनी रामेश्वरच्या वाटेवर अशी छत्रं बांधली. १८०१ साली सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांचं काम समजावलंय. आल्या-गेल्याला जात न विचारता जेवण. आजारी पडला तर वैद्य आणि औषध, बरा होईपर्यंत राहायची मुभा. लहान मुलांना दूध. वाटेत कुणी मेला तर त्याची क्रिया. राज्याची सत्ता हातातून गेलेली असताना राजे त्या परक्या अधिकाऱ्याला सांगत होते की एवढं तरी राहू द्या. मेमध्ये मी याच गावातून घड्याळ बघत पुढे गेलो होतो. त्या दिवशी दुपारभर छत्राच्या ओसरीत बसलो. हिशेब केला, की काशीहून रामेश्वरला पायी जाणारा यात्रेकरू रोज थांबायचा, म्हणूनच पोहोचायचा.

फौजेतही तसंच. रूट मार्चमध्ये दर तासाला दहा मिनिटांचा हॉल्ट ऑर्डरमध्येच लिहिलेला असतो. तो कुणाच्या मर्जीवर नसतो. थकलेला थांबतो तसा न थकलेलाही थांबतो. आम्ही तो थांबा कूच करण्याचाच भाग मानायचो. निवृत्त झाल्यावर मी ऑर्डरमधलं कूच तेवढं घरी आणलं आणि हॉल्ट बॅरेकमध्ये विसरलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. वाटेत ती चहाची टपरी लागली. मेनंतर आठवड्याभराने आम्ही दोघं तिथे आभार मानायला जाऊन आलो होतो. बाईंनी पैसे घेतले नव्हते, फक्त सौ.नी दिलेल्या पोळ्या घेतल्या होत्या. आता मला सायकलवर बघताच त्यांनी आधी ताकाच्या मडक्याकडे हात नेला. मी म्हटलं, "अम्मा, आज चहा." त्या हसल्या. पण चहाच्या आधी ताकाचा पेला ठेवलाच, आणि मीही गपगुमान प्यायलो.

पट्टुक्कोट्टैला इडली, अर्धा तास सावली. त्यानंतर समुद्राकडून डावीकडच्या वाऱ्याने जरा झुंजवलं. अकराच्या आत मनोरा. षटकोनी बुरूज, भोवती तट, खंदक, पलीकडे समुद्र. दुसऱ्याच्या विजयाचं हे स्मारक बघताना माझ्यातल्या सैनिकाला जरा कसंसंच होतं, ते प्रत्येक वेळी होतं. पण त्या दिवशी मी जास्त विचार केला नाही. सावलीत बसलो आणि घरी फोन केला. सौ.नी विचारलं, "पोहोचलात?" मी म्हटलं, "पोहोचलो, आणि परत पिकअपने येतोय, सायकल मागे टाकून." पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "बरं, जेवायला थांबते."

वर्षाचा आकडा सांगायचा तर, किलोमीटर गेल्या वर्षीच्या निम्मेसुद्धा भरले नाहीत. वजन तेवढंच आहे. गुडघे कुरकुरतात. मोडीची एक ओळ अजून चुकते. पण आठ महिन्यांत एकदाही सलाइन लागली नाही आणि मनोरा झाला.

जाता जाता एवढंच करा. उन्हाळा तोंडावर आलाय. तुमच्यापैकी कुणी मेमध्ये अमेरिकेहून, बंगळुरूहून, महाबळेश्वरहून नागपूर-जळगावला घरी येणार असाल, तर पहिले दहा-बारा दिवस रंगरूट व्हा. बरोबरच्या कुणाला उन्हात भोवळ आली, तो असंबद्ध बोलायला लागला, तर आधी सावली, अंगावर पाणी आणि वारा, लगेच १०८. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि घरातलं वडीलधारं माणूस "बाहेर पडू नको" म्हणालं, तर एकदा थांबून ऐका. सासूबाईंना मी हे आजच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तर तेव्हाच म्हटलं होतं."

पुढच्या पोंगलनंतर पुन्हा भेटू. जय हिंद.